टरफलांची जिवाणी

कारखाना म्हटलं की लोकांना धुराडं आठवतं. आमचा कारखाना म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या शेडात चार टाक्या, घासायचं एक चाक आणि दोन गडी. कड्या, साखळ्या, झोपाळ्याच्या सळया असलं लोखंडी सामान चकचकीत करून द्यायचं काम सासऱ्यांनी कारंज्यात सुरू केलं आणि ते गेल्यावर आमच्या ह्यांनी चालवलं. लोखंडावर आधी तांबं चढवायचं, त्यावर निकेल. लोक त्याला गिलीट म्हणत. टाकीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, कालवलेलं निळं पाणी असे. सामान टाकीतून निघालं की साध्या पाण्यात धुवायचं, आणि ते निळसर हिरवं धुवण मोरीतून मागच्या नाल्यात सोडायचं. एवढाच कारखाना. पण त्यानं मला जेवढं भेव दाखवलं, तेवढं आयुष्यात दुसऱ्या कशानं दाखवलं नाही.

मोरचूद मला नवं नव्हतं. माझं माहेर आसेगावकडचं, शेतीचं. ज्वारीवर काणीचा रोग पडू नये म्हणून बाबा पेरणीआधी बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवत. त्या दिवशी आम्हा पोरांना खळ्यात पाय ठेवायची बंदी. पेरून उरलेलं बी ते पाखरांनाही टाकत नसत. बांधावर खड्डा करून पुरत, कोपरापर्यंत हात धूत आणि म्हणत, "जहर हाये हे, पोरी." लग्न होऊन कारंज्याला आले आणि पाहते तर काय, माझ्या मोरीशेजारून रोज तेच जहर वाहत होतं आणि कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं! मी एकदा बोलून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या माहेरी त्याच्यात बी भिजवतात, अथी त्याच्यावर घर चालते." झालं. नव्या सुनेच्या बोलण्याची किंमत तेवढीच.

मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी श्रावणात मला दिवस गेले. आधीचं एक लेकरू माहेरी असताना पोटातच, पाचव्या महिन्यात गेलं होतं. गावात डॉक्टर नाही, बैलगाडीनं मंगरूळला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यामुळे या खेपेला सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं, "माहेरी पाठवाचं नाई. अथी डाक्टरीनबाई हाये." तोंडानं फटकळ बाई, पण मला पाण्याची घागर उचलू देत नव्हत्या. त्यांना नातवंड हवं होतं आणि मला माझं लेकरू. त्या बाबतीत आमचं दोघींचं पक्कं जमत होतं.

आणि अशात नाल्याकाठचा शेतकरी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. नाल्याच्या पाण्यावर तो वांगी-मिरची लावायचा. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो बिचारा नुसता उभा होता, पागोटं हातात घेऊन.

"भाऊ, माह्या गाईनं गाभ टाकला," तो ह्यांना म्हणाला. "नाल्याचंच पानी पेत होती थे. तुमचं पानी पाह्या जराक."

मी दारात सूप घेऊन उभी होते. सूप खाली ठेवलं आणि आपसूक हात पोटाशी गेला. गाय मोरचुदानं गाभडली की आणखी कशानं, कोण सांगणार? ढोरांना काय कमी रोग असतात? पण मला त्या वेळी दुसरं कारण सुचेना. रात्री ह्यांना म्हटलं, "अहो, तिचं गेलं तसं माझंही जाईल." हे एरवी चेष्टेखोर माणूस. "तू काय नाल्यावर पाणी पेतं का वं?" म्हणाले असते. त्या रात्री उठून कॉलेजच्या जुन्या वह्या काढून बसले.

हे अकोल्याच्या कॉलेजात सायन्स शिकलेले. तिथले त्यांचे एक प्राध्यापक शेतातला कचरा निळ्या पाण्यात टाकून कसलेकसले प्रयोग करायचे, ते ह्यांना आठवलं. दुसऱ्याच दिवशी तेलाच्या घाणीवरून भुईमुगाच्या टरफलांची पोती आली. धनजकडून गाडीभर कुटार, मळणीतला भुसा, आलं. मी विचारलं, "ढोरं घेता काय?" तर म्हणाले, "पाह्य तं खरी."

टरफलं कुटून, धुऊन त्यांनी एका पिंपात ठासून भरली, खाली कुटाराचा थर दिला आणि पिंपाला बुडाशी तोटी बसवली. धुवणात आधी चुना घालून आंबटपणा मारायचा, गाळ खाली बसला की वरचं पाणी हळूहळू पिंपात सोडायचं. वरून हिरवं-निळं पाणी गेलं आणि खालून निघालं ते चहाच्या फिक्या पाण्यासारखं. ह्यांनी ते काचेच्या ग्लासात धरलं, त्यात अमोनियाचे थेंब टाकले. नाकात झिणझिण्या आणणारा वास आला. "पाण्यात तांबं असलं तं गर्द निळं होते," ते म्हणाले. ग्लास निळा झाला नाही. टरफलांनी तांबं धरून ठेवलं होतं! खरं सांगते, मला रडू आलं. ज्या टरफलाला आपण फुंकर मारून उडवतो, त्यानं जहर पकडलं होतं. मी शेतकऱ्याच्या घरी स्वतः निरोप धाडला की आता पाणी पाहून जा.

तो आला, तोटीखाली ओंजळ धरून वास घेतला आणि म्हणाला, "निव्वळ जादू हाये, भाऊ." मग त्याची नजर बाजूला काढून ठेवलेल्या जुन्या टरफलांवर गेली. आपल्याकडं कुटार वाया घालवायची कोणाची छाती आहे? "हे नेऊ का म्हशीले?" असं त्यानं विचारताच हे ओरडले, "हात नोको लावू!" मग नीट समजावून सांगितलं. पाण्यातलं जहर आता टरफलात आहे. ढोराला टाकायचं नाही, चुलीत घालायचं नाही, त्याच्या राखेनं भांडी घासायची नाहीत, खत म्हणून शेतात न्यायचं नाही. शेडामागं खड्डा खणला होता. त्याला खालून-वरून चुना, आणि टरफलं त्यातच. गड्यांनाही हेच बजावलं.

गड्यांना सांगितलं. शेतकऱ्याला सांगितलं. शेजारच्या गवळ्यालाही सांगितलं. घरात बसलेल्या आपल्या आईला सांगायचं मात्र ह्या शहाण्या माणसाला सुचलं नाही. आईचा कारखान्याशी काय संबंध? ती तर देवळात जाणारी, उपास करणारी बाई! अजूनही हे आठवलं की माझं डोकं तापतं.

आमच्या जैन घरांत पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लागत नाही. जाड दुहेरी फडक्यातून विहिरीचं पाणी गाळायचं. फडक्यात बारीक जीव अडकलेले असतात. ते फडकं झटकून टाकायचं नाही. ते उलटं धरून गाळलेल्या पाण्यानं एका भांड्यात धुवायचं आणि ते पाणी, ज्या विहिरीतून आलं त्याच विहिरीत, अलगद परत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. त्यासाठी बुडाला कडी असलेली छोटी बादली असते. पाण्याला टेकली की दोरीच्या हिसक्यानं उलटी होते, वरून धप्पकन पाणी पडत नाही. सासूबाई हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत. ताप असला तरी उठून करत. माझा त्याला कधी विरोध नव्हता, माझी आईही तेच करायची.

पौष सरता सरता मला पाण्याला चव लागायला लागली. तांब्याचा पैसा जिभेवर ठेवावा तशी. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, पाण्याले चव येऊन राह्यली."

"दिवस गेले का बाईले समदंच कडू लागते. मले तं तुह्या सासऱ्याचा चेहराबी कडू लागत होता," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले डोहाळे. मी म्हटलं, डोहाळ्यात बायका चिंचा मागतात, विहिरीवर आळ घेत नाहीत. ह्यांनी लगेच विहिरीचं पाणी ग्लासात घेतलं आणि अमोनिया टाकला. ग्लास स्वच्छ. "पाह्य, हाये का काही?" काही नव्हतं. पण माझ्या जिभेवरची चव जाईना. विहीर आमच्या मोरीपासून लांब नव्हती. गाळायच्या फडक्याच्या काठाला मला हिरवट झाक दिसू लागली. ती खरंच होती की माझ्या डोळ्यांत होती, आता सांगता येणार नाही. मला ती गाय दिसायची. पाठ दुखली की वाटायचं, झालं. मी चोरून शेजारणीकडून तांब्याभर पाणी आणून प्यायला लागले. सासूबाईंना कळलं, तर जेवल्या नाहीत. न गाळलेलं पाणी त्यांच्या नातवंडाच्या पोटात जात होतं ना!

माघातली दुपार होती. मला झोप लागली नाही म्हणून मागच्या दारी आले. गडी जेवायला गेले होते. शेडापाशी सासूबाई बसल्या होत्या, समोर घमेलं, बाजूला पिंपातून काढलेल्या टरफलांचा ढीग. ओंजळ ओंजळ टरफलं घेऊन त्या गाळलेल्या पाण्यात हलकेच खळबळत होत्या, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तशा. घमेल्यातलं पाणी हिरवट झालं होतं. मग त्यांनी ते कडीच्या बादलीत ओतलं, उठल्या, विहिरीच्या काठाशी गेल्या आणि बादली खाली सोडायला लागल्या.

मी ओरडले. कशी ओरडले माझं मला माहीत. माझ्या ओरडण्यानं त्यांच्या हातून दोर सुटला आणि बादली धाडकन पाण्यात पडली.

"काय झालं वं? पडली का तू?" त्या धावत माझ्याकडं आल्या, त्याच ओल्या हातांनी माझा दंड धरायला. मी मागं सरकले.

"आई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"काय म्हंजे? जिवाणी सोडून राह्यली. पोरगा पानी गाळते अन् गाळन खड्ड्यात फेकते, वरून चुना टाकते. किती जीव जळत असतीन! पानी ह्याच इहिरीचं, मंग जीवबी ह्याच इहिरीचे नाई का?"

"किती दिवस झाले?"

"टरफलं बदलवली का करतो. पयलेपासून."

मी तिथंच दगडावर बसले. त्यांच्या म्हणण्यात खोट काय होती? काहीच नाही. जन्मभर जे पुण्याचं काम त्या करत आल्या, तेच करत होत्या. फरक एवढाच की या फडक्यात जीव नव्हते, जहर होतं. टरफलांनी पाण्यातून जे काढलं, ते त्यांनी चिमटीनं, जपून, एकही जीव मरू नये म्हणून माझ्या पिण्याच्या पाण्यात परत नेऊन घातलं होतं.

हे आले. मी सांगितलं तसे पांढरेफटक पडले. तरी पुन्हा तोच ग्लास, तोच अमोनिया. पाणी स्वच्छ. "पाह्य, पाण्यात काही..." एवढं ते बोलले आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "वरचं पानी कायले पाहता? माहा बाप जहर खाली पुरते. तळातला गाळ काढा." एक गडी विहिरीत उतरला, बादलीभर गाळ वर आला. काळ्या मातीत टरफलांचा चुरा आणि चुन्याचे हिरवे कण. ह्यांनी चमचाभर गाळ ग्लासात घेतला. थेंब टाकले. क्षणभर काही नाही. मग गाळाच्या कडेनं निळा रंग सुटायला लागला आणि पाहता पाहता ग्लास निळा झाला. शाईसारखा गर्द.

सासूबाई ग्लासाकडं पाहत होत्या. त्यांना अमोनिया कळत नव्हता, पण आमची तोंडं कळत होती.

"काय हाये थे?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी सांगितलं. इतक्या महिन्यांनी आईला पहिल्यांदा सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग माझ्या पोटाकडं पाहून म्हणाल्या, "मी तं जीव वाचवत होती, बापू." त्यानंतर दोन दिवस त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या भल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. "पोटात किती गेलं, त्यानं काय होईल, मला सांगता यायचं नाही. लेकरू हलते ना? हलते तोवर चांगलं समजायचं." असं सांगितल्यावर दुसरं काय होणार? मी सारा दिवस पोटावर तळवा ठेवून बसू लागले. हललं की जीव भांड्यात, नाही हललं की पुन्हा घशाशी. भाकरी थापताना हात थांबायचा. जिना चढताना थांबायची. देवळात सगळे डोळे मिटून हात जोडायचे, मी एक हात पोटाशी ठेवायची.

विहीर उपसायची ठरलं, तर उपसलेलं पाणी टाकायचं कुठं? नाल्यात सोडलं तर शेतकऱ्याच्या वांग्यांवर. शेवटी वरचं पाणी पिंपांतून, टरफलांतूनच काढलं, आणि तळाचा गाळ घमेल्यांनी उपसून चुन्याच्या खड्ड्यात. त्या कामाला सासूबाईंनी गड्यांना हात लावू दिला नाही. वापरलेली टरफलं पिंपातून काढून त्या स्वतः खड्ड्यात टाकत होत्या, स्वतः वर चुना पसरत होत्या. ओठ हलत होते. माफी मागत असाव्यात, टरफलांतल्या जिवांची की माझ्या पोटातल्याची, मी विचारलं नाही. मला राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्हींवर भीती बसली होती.

त्या दिवसांत त्या माझ्याजवळ यायच्या नाहीत. ताट सरकवून लांब उभ्या राहायच्या. फाल्गुनात एक दिवस सकाळपासून लेकरू हललं नाही. मी वाट पाहिली. डाव्या कुशीवर झाले, उजव्या कुशीवर झाले, गूळ खाल्ला. काही नाही. सासूबाई दारात होत्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. त्या आत आल्या, खाली बसल्या आणि हात न लावता नुसता कान माझ्या पोटाला टेकवला. त्यांचा श्वास मला जाणवत होता. मी त्यांच्या पांढऱ्या केसांकडं पाहत राहिले आणि मनात म्हटलं, हे गेलं तर मी या बाईला जन्मात माफ करणार नाही. तेवढ्यात आतून लाथ बसली, नेमकी त्यांच्या गालावर. त्या दचकून मागं झाल्या, गालावर हात ठेवला आणि हसता हसता रडायला लागल्या. "माय वं! मले मारलं त्यानं!" मीही रडले. पण भीती गेली नाही. हलतं म्हणजे धड आहे असं थोडंच?

वैशाखात, रणरणत्या दुपारी मुलगी झाली. रडली. मी आधी बोटं मोजली, मग डोळे उघडून पाहिले, मग कान. डॉक्टरीणबाई रागावल्या, "आता पाहू द्या तिला जरा जग!" मुलगी धड होती. वजनाला कमी होती, पण धड होती. सासूबाई खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या. मी म्हटलं, "आई, घ्या नं." त्यांनी आपले हात पाहिले आणि पदरामागं नेले. "मंग घेतो," म्हणाल्या.

पोरीला न्हाऊ घालायचं होतं. उपसलेली, साफ केलेली विहीर आता पुन्हा पाणी धरत होती. हे दर आठवड्याला तळचा गाळ काढून थेंब टाकून पाहायचे, निळं होत नव्हतं. तरी त्या घरात मी अजून ते पाणी तोंडाला लावलं नव्हतं. सासूबाईंनी विहिरीचं पाणी काढलं, नवं कोरं फडकं दुहेरी करून गाळलं, चुलीवर ठेवलं. मग फडकं उलटं करून वाटीत धुतलं. आणि वाटी हातात घेऊन त्या तशाच माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जन्मभर ज्या बाईनं हे काम कोणाला विचारून केलं नव्हतं, ती माझ्याकडं पाहत होती.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हे कुठी सोडू?"

मी पोरीला छातीशी धरलं होतं. तिच्या अंगाला त्याच विहिरीचं पाणी लागणार होतं. माझ्या तोंडात पुन्हा ती तांब्याच्या पैशाची चव आली. नाही म्हणावंसं वाटलं, अगदी ओरडून म्हणावंसं वाटलं.

"इहिरीतच सोडा, आई," मी म्हटलं. "हळू सोडजा."

त्या गेल्या. मी पोरीला घट्ट धरून विहिरीकडं कान लावून बसले. कडीची बादली पाण्याला टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.